नदीच्या पायरीवरची गावपळण

बाबांना घराबाहेर काढायला शेवटी देवाला यावं लागलं. आम्हा माणसांच्याने ते झालं नव्हतं. दादा दर गणपतीला मुंबईहून येताना मनाशी काहीतरी ठरवून यायचा आणि विसर्जनाच्या दिवशी गणपतीबरोबर आपला निश्चयही पाण्यात सोडून परत जायचा. डॉक्टरांनी समजावलं, नातेवाइकांनी समजावलं. मी समजावणं केव्हाच सोडलं होतं, कारण तेच तेच बोलून माझं तोंड दुखायचं आणि ऐकून बाबांचे कान दुखत नव्हते. "हयसून मी जातलंय तो चौघांच्या खांद्यार," एवढंच ते म्हणायचे आणि चांगल्या हाताने खाटेची कड आपटायचे.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. मालवण, कसाल, ओरोस या रस्त्यावर त्यांची नोकरी सरली. मुक्कामाची ड्यूटी लागली की कुणाच्या तरी मिनतवाऱ्या करून ती बदलून घ्यायचे, कारण रात्री आपल्याच घरात पाठ टेकली पाहिजे हा त्यांचा हट्ट. निवृत्त झाले, आई गेली, आणि मग एका सकाळी विहिरीवर दात घासताना त्यांची उजवी बाजू गेली. मी पुण्याहून पंधरा दिवसांसाठी म्हणून आले. त्या पंधरा दिवसांवरून आता तिसरा पावसाळा गेला होता.

मी अडकले होते. हे इथे सरळ लिहून टाकते, कारण तेव्हा मला ते कुणी म्हणू दिलं नाही. आजूबाजूच्या बायका म्हणायच्या, बापाची सेवा नशिबात असावी लागते. म्हणायला त्यांचं काय जात होतं! सकाळी बाबांना कुशीवर वळवायचं, अंग पुसायचं, पेज भरवायची, औषधं द्यायची, पुन्हा वळवायचं. बाजारात जायचं तरी शेजारच्या काकींना येऊन बसायला सांगावं लागे. लग्न मी केलेलं नाही, त्यामुळे मला दुसरं काही काम असू शकतं हे कुणाच्या डोक्यातच शिरायचं नाही. आणि काम होतं ते असलं. "तुझा काम दगडांचा," एका आत्याने मला सांगितलं होतं, "दगड खंय पळान जातत?"

आता या दगडांबद्दल. माझं काम जुन्या नद्यांचं आहे. आज दिसतात त्यांचं नव्हे, हिमयुगात वाहत होत्या त्यांचं. तेव्हा पृथ्वीवरचं बरंचसं पाणी बर्फ होऊन बसलं आणि समुद्र पार मागे हटला. मालवणचा किल्ला ज्या खडकावर उभा आहे तो खडक तेव्हा कोरड्या जमिनीवरची टेकडी होती, आणि किनारा दूर पश्चिमेला. समुद्र खाली गेला की त्याला गाठायला नदीही आपला तळ कोरत खाली जाते. तिचा आधीचा तळ, त्यातल्या गोट्यांसकट आणि वाळूसकट, काठावर उंच राहून जातो. जिन्याची पायरी असते तसा सपाट. पुस्तकात त्याला नदीवेदिका म्हणतात, मी पायरी म्हणते. ती पायरी खणून बघितली की नदी कुठून येत होती, केवढी होती, कुठल्या अंगाला वाहत होती, हे पुन्हा मांडता येतं. नदी मात्र तिथून गेलेलीच असते. खोल उतरलेल्या नदीला मग पसरता येत नाही की वाट बदलता येत नाही, स्वतःच कोरलेल्या भिंतींमधून वाहत राहावं लागतं. हे वाक्य मी प्रबंधात लिहिलं ते बाबांचं अंग पुसून आल्या आल्या, आणि वाचून इतका राग आला की लगेच खोडलं.

आमच्या गावाच्या हद्दीवरून एक व्हाळ वाहतो. व्हाळ म्हणजे ओढा, एप्रिलमध्ये चप्पल न भिजवता ओलांडता येईल असा. पण त्याच्या पलीकडे लांबवर जो सपाट माळ आहे तो या व्हाळाचं काम असणं शक्य नाही. चुलीवर चहाचं भांडं आणि घरात लग्नाचं पातेलं, तसा प्रकार. माझा संशय असा की इथून कधीकाळी घाटावरून उतरणारी मोठी नदी वाहत होती आणि हा माळ तिची पायरी आहे. पण संशयावर प्रबंध होत नाही, जमीन उघडून बघावी लागते. आणि ती जमीन सामायिक. निम्मे हिस्सेदार मुंबईला, उरलेले एकमेकांशी अबोला धरून. एकाने खणायला हो म्हटलं की दुसऱ्याला वाटायचं, हिला तिथे नक्की काहीतरी सापडलंय. पुण्याहून माझे सर फोन करायचे, "काय, काही प्रगती?" मी म्हणायचे, चालू आहे. घर सोडता येत नव्हतं, आणि घरापासून हाकेच्या अंतरावरचा माळ खणताही येत नव्हता.

अशात कार्तिक संपता संपता देवाने गावपळणीचा हुकूम दिला.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या बाजूच्या काही गावांत दर काही वर्षांनी ग्रामदेवाला कौल लावून विचारतात, आणि त्याचा हुकूम झाला की अख्खं गाव घरंदारं सोडून हद्दीबाहेर जातं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. तीन रात्री गावात चूल पेटायची नाही की दिवा लागायचा नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावायचा. देवाने हो म्हटलं तर घरी यायचं, नाही म्हटलं तर आणखी राहायचं. का, असं कुणी विचारत नाही. बाळंतिणीला सूट नाही, आजाऱ्याला नाही.

काकी ही बातमी घेऊन आल्या तेव्हा मी बाबांना भरवत होते. मला वाटलं, आता ताट भिंतीवर जाणार. बाबा शांतपणे घास गिळून म्हणाले, "देवान सांगल्यान म्हटल्यार जावकच होया."

मी हातातला घास तसाच धरून बसले. डॉक्टरांपुढे, दादापुढे, माझ्यापुढे जो माणूस तसूभर हलला नव्हता, तो एका वाक्यात उंबरा ओलांडायला तयार झाला होता.

दुपारी मी दादाला फोन केला. "बाबा घराबाहेर येतायत," एवढंच म्हणाले. माझ्या मनात जे होतं तेच तो बोलला. चौथ्या दिवशी सगळं गाव परतेल तेव्हा त्याने गाडी घेऊन यायचं, बाबांना घरी सोडायला म्हणून. तिठ्यावर, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथे, गाव डावीकडे आणि कसाल उजवीकडे. गाडी उजवीकडे वळवायची, कसालला हायवे धरायचा आणि थेट मुंबई. तिथे त्याने खोली कधीचीच तयार ठेवली होती, देखभालीला बाई बघून ठेवली होती. बाबा त्या गाडीतून घरी गेले तर मी कायमची इथे, आणि मुंबईला गेले तर मी सुटले. मला त्या बेताची लाज वाटली नाही. देवाने एवढी वर्षं माझ्यासाठी काही केलं नव्हतं, आता करतोय तर करू दे, असं वाटलं.

काकींचा नारळाचा धंदा, त्यामुळे त्यांच्या दाराशी टेम्पो. त्यात खुर्चीसकट बाबांना चढवलं, बाजूला गादी, औषधांची पिशवी, काकींच्या कोंबड्या. आणि टेम्पो व्हाळ ओलांडून थांबला तो माझ्या माळावर. अख्खं गाव तिथेच उतरत होतं. देवाच्या कामात सातबारा कोण विचारतो! वर्षानुवर्षं अबोला धरलेले हिस्सेदार एकमेकांना दोऱ्या देत होते, घेत होते.

आणि मग त्यांनी खणायला सुरुवात केली.

झोपड्यांच्या मेढी रोवायला खड्डे. चुलीला खड्डे. सांडपाण्याला खड्डे. ज्या जमिनीवर मला वीतभर खणू दिलं नव्हतं, तिथे गाव पहार, कुदळ, घमेलं घेऊन तुटून पडलं होतं. मी बाबांना झोपडीपुढे खुर्चीत बसवलं, पाठीला उशी लावली, आणि टेप आणि ब्रश घेऊन सुटले. प्रत्येक खड्ड्यात डोकावायचं, खोली मोजायची, फोटो घ्यायचा आणि बाबांना बघायला पळत परत यायचं. लोकांना फुकटची करमणूक झाली. "काय गो, काय हरावला तुझा?" "तुझी नदी गावली काय?" एकाने तर आपल्या खड्ड्यातला दगड मला आणून दिला आणि सोनं निघालं तर निम्मं माझं म्हणून बजावलं.

सगळ्यांत खोल खड्डा संडासाचा होता, माळाच्या टोकाला. वापर अजून सुरू झाला नव्हता. मी आत उतरले आणि तिथेच बसकण मारली. वर हातभर लाल माती, तिच्याखाली गोट्यांचा थर, आणि गोट्यांखाली बारीक वाळू. गोट्यांमध्ये पांढरी गारगोटी होती, तांबडा जांभा होता, आणि काळे गोटे होते. गुळगुळीत, घडीव वाटावेत असे काळे. आमचा व्हाळ उगवतो तो वरच्या जांभ्याच्या सड्यावर, उघड्या पठारावर. त्याच्या वाटेत काळा दगड कुठेच नाही. काळा दगड असतो तो सह्याद्रीत. म्हणजे घाटावरून कुणीतरी त्याला इथवर घोळवत आणलं होतं, आणि ते व्हाळाच्या अंगातलं काम नव्हे. चपटे दगड एकमेकांवर रेलून बसले होते, सगळे पूर्वेकडे उतरते. वाहत्या पाण्यात चपटा दगड असाच बसतो, पाणी जिकडून येतं तिकडे उतार करून. पाणी पूर्वेहून येत होतं. मी त्या दगडांवर हात ठेवला आणि मला रडूच आलं.

"अगो, भायर ये गो!" वरून काकींचा आवाज आला. "लोकांका खोळंबो झालो हा!"

वर बघितलं तर झावळ्यांच्या आडोशाबाहेर तांबे घेऊन चार बायका उभ्या होत्या. त्यांच्याकडून मी थोडी मुदत मागून घेतली, काकींना बाबांपाशी बसवलं आणि घमेलंभर गोटे मोजून वर आणले. कुठल्या दगडाचे किती, हे नंतर मांडायचं म्हणून प्रत्येकावर पेनाने खूण करून आमच्या झोपडीमागे ओळीने मांडून ठेवले. खड्डा मात्र लोकांना द्यावा लागला. विज्ञानालाही शेवटी कुठेतरी थांबावं लागतं.

दुपारी बाबांना औषध देऊन झोपडीमागे गेले तर ओळीतले तीन काळे गोटे नाहीसे. सगळ्यांत मोठे, सगळ्यांत देखणे. शोधत शोधत काकींच्या चुलीशी गेले तर त्यांच्यावर भाताचं टोप चढलेलं, आणि माझ्या पेनाच्या खुणा धुरात काळ्या होत चाललेल्या.

"काकी, माझी नदी आसा ती!" मी ओरडले.

"पांढरो गोटो तापलो की फुटता. काळो बरो," त्यांनी मला समजावलं. "भात शिजलो की घेवन जा तुझी नदी."

बाबा खुर्चीत खदाखदा हसत होते. त्यांना असं हसताना मी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. घरात आमच्या दोघांत बोलण्यासारखं उरलंच नव्हतं. मी घास पुढे करायची, ते तोंड उघडायचे. इथे मात्र सकाळपासून त्यांच्या खुर्चीभोवती माणसं होती. कुणाला त्यांनी बस थांबवून परीक्षेला पोचवलं होतं, कुणाची बायको त्यांच्याच गाडीत अवघडली होती आणि त्यांनी गाडी थेट दवाखान्याच्या दारात नेली होती. पाहुणे उठून गेल्यावर त्यांनी मला हाक मारली आणि त्या काळ्या गोट्यांचं काय ते विचारलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

मी सांगितलं. घाटावरून मोठी नदी येत होती, याच माळावरून समुद्राकडे जात होती.

"मगे ती गेली खंय?"

म्हटलं, पलीकडच्या खोऱ्यात दुसरी एक नदी होती. ती आपलं डोकं कोरत कोरत मागे सरकत गेली, आणि एक दिवस हिच्या वरच्या अंगाला येऊन भिडली. तिकडे उतार जास्त होता. घाटावरचं सगळं पाणी तिकडे वळलं, आणि इकडे नुसता व्हाळ राहिला.

बाबांनी विचार केला. "म्हंजे रूट बदललो."

"हां, तसंच."

"आणि ह्या कळाक तुका इतकी वर्सा लागली?"

मी चिडले, आणि मग मलाही हसू आलं. खोटं कशाला सांगू, मला ते क्षणभर फार आवडले. आणि दादाची गाडी तर ठरलेली होती.

वाळूचं काम दुसऱ्या दिवसावर टाकलं होतं. माळाच्या दुसऱ्या टोकाला एकांनी पाण्यासाठी खोल खणलं होतं, पाणी लागलं नाही म्हणून ते सोडून दिलं होतं, आणि त्यात वाळूचा थर स्वच्छ उघडा पडला होता. वाळूचा कण मातीखाली गाडला गेला की त्याच्यात काळाची मोजदाद सुरू होते, आणि पुन्हा ऊन लागलं की ती पुसली जाते. म्हणून अंधारात लोखंडी पाइप वाळूत ठोकायचा, तोंडं बंद करायची, काळ्या कापडात गुंडाळायचा. प्रयोगशाळेतही तो अंधारातच उघडतात. मी खड्ड्यावर दोन घोंगड्या टाकल्या, आत शिरले आणि चाचपडत ठोकत राहिले. बाबांना काकींनी खुर्चीसकट खड्ड्यापाशी आणून बसवलं होतं, कारण त्यांना बघायचं होतं. घामाने निथळत बाहेर आले तेव्हा त्यांनी विचारलं, "ह्या कित्याक?"

"या वाळूला शेवटचं ऊन कधी लागलं, ते कळतं यातून."

बाबांनी आपल्या पायांकडे बघितलं. त्यांच्या मांडीवर ऊन पडलं होतं, पातळ पांढऱ्या कातडीवर. खाटेवर पडल्यापासून या माळावर येईपर्यंत ते उन्हात आले नव्हते. खिडकीशी नेते म्हटलं की नको म्हणायचे.

"माझा पण काढ मगे," ते म्हणाले.

मी पाइप गुंडाळत राहिले.

त्या संध्याकाळी दादाचा फोन आला. मी झोपडीच्या झापांच्या, म्हणजे विणलेल्या झावळ्यांच्या, भिंतीमागे जाऊन बोलत होते. तो म्हणाला, "अगं, मला धीर होत नाहीये. आपण त्यांना फसवतोय. नको करूया का?" माझ्या आतलं सगळं एकदम वर आलं. मी म्हटलं, "फसवणूक म्हण, काय वाटेल ते म्हण. मी मरतेय रे इथे. रोज थोडी थोडी मरतेय. ते शंभर वर्षं जगू देत, पण माझं काय? तू लांबून विचारपूस करतोस, मी त्या खाटेला बांधलेली आहे. तू गाडी घेऊन ये." तो "बरं, येतो," म्हणाला.

डोळे पुसून आत गेले तर बाबा जागेच होते. काकींनी बांगड्याची आमटी आणून दिली होती. "आमटी बरी झाली हा," ते म्हणाले आणि घासासाठी तोंड उघडलं.

तिसरा दिवस कठीण गेला. बाबांनी खुर्ची व्हाळाकडे तोंड करून ठेवायला सांगितली. पलीकडे गाव होतं, पण धूर नाही, कोंबडा नाही, कुणाची हाक नाही. नुसते माडांचे शेंडे. "तो बघ आपलो माड. वाकडो तो," त्यांनी दाखवला. मला सगळे सारखेच दिसत होते, पण मी हो म्हटलं. मग ते नुसते बघत राहिले. दुपारभर माझ्या मनात येत होतं की दादाला नको म्हणून कळवावं. फोन हातात घ्यायचे, आणि डोळ्यांपुढे खाट यायची, बेडपॅन यायचं, माझी पांढरी होत चाललेली बट यायची. परत ठेवून द्यायचे. सुटायचं ठरवलं होतं आणि त्या ठरवण्यात पुन्हा अडकले होते. एवढी चिडचिड मला घरातसुद्धा झाली नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी मानकरी देवळात गेले. माळावर सगळे सामान बांधून बसले होते. नगारा वाजला आणि एकच गलका झाला, "देवान कौल दिल्यान! चला, घराक चला!" कोंबड्या, पातेली, गुरं, पोरं, सगळी व्हाळाकडे धावत सुटली. काकी टेम्पोत चढता चढता मला म्हणाल्या, "मी फुडे जावन तुमच्या दारातलो केर काढतंय. तुमी येवा सावकाश."

दादा आला होता. त्याने बाबांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. मी मागे बसले, पिशव्या आणि काळ्या कापडातला पाइप मांडीवर घेऊन. बाबांनी डोळे मिटले. माळावरून डांबरी रस्त्यावर आलो. तिठा जवळ आला. डावीकडे वळणारी माणसं दिसत होती, डोक्यावर वळकट्या घेतलेली, हसत चाललेली. दादाने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. गाडी उजवीकडे वळली.

मी बाबांच्या ओरडण्याची वाट बघत राहिले. ज्या माणसाला या रस्त्याचा खड्डा न खड्डा पाठ, त्याला डोळे मिटून का होईना, वळण कळणार नाही होय! पण ते काही बोलले नाहीत. एक गाव गेलं, दुसरं गेलं. मला वाटलं झोप लागली असेल. मग वाटलं, आणखी काही झालं नसेल ना? पुढे वाकून बघितलं तर त्यांचा चांगला हात मांडीवर होता आणि बोटं हलत होती. जिवात जीव आला. तेवढ्यात कसालचा बाजार आला, पुढे हायवे दिसायला लागला.

"गाडी बाजूक घे," बाबा डोळे न उघडता म्हणाले.

दादाने घाबरून ब्रेक मारला.

"आणि क्लचवरसून पाय काढ. तिठ्यापासून बघतंय."

बाबांनी डोळे उघडले, पण समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिले. "तू हयसर उतर गो," ते मला म्हणाले. "पुण्याची गाडी हयसून गावता."

"बाबा, मी मुंबईपर्यंत येते. तुम्हाला तिथे नीट लावून देते आणि मग..."

"मगे तू थयच रवतलंस. माका ठावक आसा." थोडं थांबून ते म्हणाले, "झापांच्या भितीतसून सगळा आयकाक येता गो. तू रडत होतंस."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडायची तयारी मी चार दिवस करत होते, माझी सगळी वाक्यं तयार होती. त्यातलं एकही कामी आलं नाही, आणि त्याचाच मला भयंकर राग आला. मी दार उघडलं, पिशवी घेतली, पाइप घेतला, उतरले. त्यांच्या खिडकीशी गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "औषधांची पिशवी दिलंस मां त्येका?" एवढं विचारलं. मी हो म्हटलं. दादाने गाडी सुरू केली.

पुण्याची गाडी मिळाली. वाळूचा निकाल पुढे आला, आणि तो माझ्या मनासारखाच आला. ती नदी हिमयुगातलीच होती. सर खूश झाले, माझा प्रबंध आता संपत आलाय. चुलीतले ते तीन काळे गोटे काकींनी नंतर घासूनपुसून पार्सलने पाठवले. मी सकाळी हवी तेव्हा उठते, हवं तिथे जाते.

पुढच्या पावसाळ्यात बाबांना मुंबईला आणखी एक झटका आला, लहानसा. हातपाय होते तसेच राहिले, काळाचं भान गेलं. सकाळ की संध्याकाळ, कालचं की दहा वर्षांपूर्वीचं, ते त्यांना कळत नाही. दादा रोज संध्याकाळी फोन लावून त्यांच्या कानाशी धरतो. ते मला ओळखतात, जेवलीस काय विचारतात, आणि मग आवाज खाली आणून, जवळच्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारतात, "देवान कौल दिल्यान काय गो? घराक जावचा मां?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी फोन ठेवून दिला होता. आता उत्तर देते.

"अजून नाय, बाबा," मी म्हणते. "आणखी थोडे दिवस रवाचा लागतला."